‘अँटिगनी’: निर्णय तिचा की घराण्याच्या शापाचा? आणि यातला ‘समाज’ नेमका कोण?

(ही चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोरा कागद

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’वर अडीच हजार शब्दांचा लेख लिहायला घेतला आहे. कथा थोडक्यात: थीब्ज शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत कुणी पुरायचं नाही असं फर्मान राजा क्रेऑन काढतो; पॉलिनायसीसची बहीण अँटिगनी ते मोडून प्रेतावर माती घालते आणि मरणाची शिक्षा ओढवून घेते. विषय आहे माणसाची स्वतंत्र इच्छा आणि चारचौघांसारखं वागण्याचं दडपण. मांडणी साधारण अशी ठरवली होती: अँटिगनी म्हणजे व्यक्ती, क्रेऑन म्हणजे सत्ता, कोरस (गीतं गाणारा आणि मधेमधे बोलणारा वृंद) म्हणजे समाज आणि इस्मिनी म्हणजे समाजापुढे मान तुकवणारी बहीण. व्यक्ती आणि समाज यांचा सामना होतो, व्यक्ती मरते, पण नैतिक विजय तिचा.

संहितेत शिरलं की ही मांडणी तीन जागी फाटते.

पहिली जागा शापाची. घराण्याला शाप आहे, तिचा बाप इडिपस याच्यापासून सगळं ठरलेलंच आहे, तर मग अँटिगनीचा निर्णय ‘तिचा’ कसा म्हणायचा?

दुसरी कोरसची. तो आधी क्रेऑनपुढे मान डोलावतो, मग मुलीसाठी रडतो, मग क्रेऑनलाच सल्ला देतो. असला समाज कुठल्या खणात बसवू?

तिसरी सगळ्यात अवघड. मरायला जाताना ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, भावासाठीच केलं. हे वाचल्यावर देवांच्या अलिखित नियमांचं तिचं आधीचं सगळं बोलणं पोकळ वाटायला लागतं. तो उतारा सरळ गाळू का?

शिवाय समोर तीन भाषांतरं आहेत आणि तिघांचे ओळींचे आकडे जुळत नाहीत. संदर्भ कसे द्यायचे?

समासातली टीप

आकड्यांचा गुंता आधी सोडवू. मूळ ग्रीक संहिता १३५३ ओळींची आहे. पद्य भाषांतर करणारे एका ग्रीक ओळीच्या कधी दीड, कधी दोन ओळी करतात आणि आपल्याच ओळी मोजतात. समासात ग्रीक क्रमांक छापलेली प्रत मिळवा आणि लेखभर तेच क्रमांक वापरा. मी खाली देतोय ते ग्रीक क्रमांक आहेत. तुमच्या प्रतीत एखाद-दुसऱ्या ओळीचा फरक पडेल.

आता शाप. इथे घोटाळा होतो तो तीन नाटकांना एक मालिका समजल्यामुळे. ‘अँटिगनी’ इ.स.पू. ४४१च्या आसपासची. ‘राजा इडिपस’ तिच्यानंतरचं मानलं जातं. ‘कोलोनसमधला इडिपस’ तर कवी वारल्यावर, इ.स.पू. ४०१मध्ये रंगमंचावर आलं. कथेच्या क्रमात शेवटची असलेली गोष्ट लिहिली गेली आधी, आणि ही तीन नाटकं एका दिवशी एकापाठोपाठ करण्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यामुळे इडिपसच्या नाटकातली भविष्यवाणी उचलून इथे आणता येत नाही. ‘अँटिगनी’ या नाटकात अँटिगनी मरेल असं कुठल्याही दैवी वाणीने आधी सांगितलेलं नाही. जे एकमेव भविष्य उच्चारलं जातं ते आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेशियसचं, तेही १०६४च्या पुढे, नाटकाचा तीन चतुर्थांश भाग उलटून गेल्यावर. आणि ते क्रेऑनच्या मुलाबद्दल आहे, अँटिगनीबद्दल नाही.

मग शाप नाहीच का? आहे. अँटिगनी दुसऱ्याच ओळीत इडिपसपासून आलेल्या दुःखांचा उल्लेख करते. कोरसचं दुसरं गीत (५८२ ते ६२५) तर सगळं लॅब्डॅकसच्या, म्हणजे इडिपसच्याच, घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोसळणाऱ्या आपत्तीबद्दलच आहे. पण याच कोरसने तिच्या मरणाची कारणं किती वेगवेगळी दिली आहेत ते एका कागदावर लिहून काढा:

४७१: बापासारखीच हट्टी आहे, संकटापुढे वाकायचं माहीत नाही. म्हणजे स्वभाव.

५९३ पासून: घराण्यावरची जुनी आपत्ती. म्हणजे वंश.

८२१: तू स्वतःच्या नियमाने जगणारी, जिवंतपणी पाताळात उतरणारी एकटीच. मूळ शब्द ‘ऑटोनोमोस’. हा शब्द एरवी नगरराज्यांना लावायचा, दुसऱ्याच्या कायद्याखाली नसलेल्या शहराला. इथे तो एका मुलीला लावलाय.

८५६: बापाचं कुठलं तरी ऋण तू फेडते आहेस.

८७५: स्वतःच ठरवलेल्या आवेगाने तुझा नाश केला.

शेवटच्या दोन विधानांत वीस ओळींचंही अंतर नाही, तरी एकात बाप कारण आणि दुसऱ्यात ती स्वतः. कवीचं लक्ष उडालं असं इथे समजू नका. त्या काळच्या ग्रीक विचारात ‘दैवाने घडवलं’ आणि ‘त्याने स्वतः केलं’ ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत, शेजारी शेजारी उभी राहतात. आज आपण ज्याला स्वतंत्र इच्छाशक्ती म्हणतो तिच्यासाठी सोफोक्लीसकडे एक नेमका शब्द नव्हता. त्याच्याकडे होते ते ‘हेकॉन’ आणि ‘आकॉन’, म्हणजे राजीखुशीने केलेलं आणि नाइलाजाने झालेलं. ते कुणाच्या तोंडी येतात पाहा. २७६ला पहारेकरी म्हणतो, मी नाइलाजाने आलोय आणि माझं येणं तुम्हालाही नको आहे. १३४०ला, मुलाचा देह समोर असताना, क्रेऑन म्हणतो, मी तुला मुद्दाम मारलं नाही रे. अँटिगनी मात्र नाइलाजाचा आधार कुठेच घेत नाही. ४४७ला क्रेऑन तिला पळवाट देतो: मनाईची दवंडी तुला ठाऊक होती का? ‘नव्हती’ म्हणाली असती तर कदाचित सुटली असती. ती म्हणते ठाऊक होती, सगळ्यांनाच होती. आणि ५५५ला बहिणीला सुनावते: तू जगणं निवडलंस, मी मरणं. निवडण्याचं क्रियापद मूळातच आहे, भाषांतरकाराने घातलेलं नाही. लेखाचा खुंटा इथे ठोका.

लेखासाठी एक पद्धत. ‘ती स्वतंत्र होती का’ असा मोघम प्रश्न विचारू नका. प्रत्येक पात्राच्या प्रत्येक निर्णयापाशी चार गोष्टी तपासा: त्या क्षणी त्याला काय माहीत होतं, दुसरी वाट खुली होती का, ती कुणी दाखवली, आणि त्याने ती कुठलं कारण देऊन नाकारली.

अँटिगनीला ही फूटपट्टी लावली की एक गोष्ट ठळक होते जी घाईत वाचताना सुटते. ती प्रेतावर दोनदा माती घालते. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येत नाही (२४५ पासून). पहारेकरी ती माती झाडून काढतात, मग भर दुपारी धुळीचं वादळ उठतं, ते निवल्यावर ती परत आलेली दिसते आणि पकडली जाते (४०७ ते ४३५). पहिली खेप भावनेच्या भरातली म्हणता येईल, दुसरी नाही. दरम्यान वाट खुली होती, काम एकदा झालेलं होतं.

क्रेऑनला लावली तर आणखी मजा. त्याला वळायच्या चार संधी मिळतात. २७८ला कोरस चाचरत म्हणतो, हे देवांचं काम तर नसेल? तो झिडकारतो. ७१० ते ७१८मध्ये क्रेऑनचा मुलगा हेमॉन पुरात वाकणाऱ्या झाडांचा आणि शिडाचा दोर सैल सोडणाऱ्या खलाशाचा दाखला देतो. क्रेऑन वयाचा मुद्दा काढतो. १०२३ला टायरेशियस सांगतो की चूक सगळ्यांकडून होते, ती सुधारणारा अभागी नव्हे. त्यावर हा पैसे खाल्ल्याचा आरोप करतो. चौथी संधी १०९८ ते ११०१, कोरसची, आणि ती तो घेतो. मात्र कोरसने क्रम स्पष्ट सांगितलाय: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग मेलेल्याला थडगं दे. निरोप्याच्या वर्णनात (११९६ पासून) क्रेऑन उलटं करतो. आधी प्रेताकडे जातो, उरलेल्या अवशेषांना स्नान घालतो, फांद्यांवर दहन करतो, मातीचा उंच ढिगारा रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. क्रम पाळला असता तर ती वाचली असती का, हे नाटक सांगत नाही. तुम्हीही ठामपणे सांगू नका. पण हा उलटा क्रम कुठल्याही शापाने त्याच्यावर लादलेला नव्हता, एवढं म्हणायला जागा आहे.

तिसरी घंटा

वरच्या प्रतिसादात कोरसवर फार काही नाही, म्हणून तेवढंच लिहितो.

‘कोरस म्हणजे समाज’ हे समीकरण या नाटकापुरतं तरी सोडा. १६४ पासून क्रेऑन काय म्हणतो ते वाचा: इतर सगळ्यांना वगळून तुम्हालाच निरोप धाडून बोलावलं, कारण इडिपसच्या आधीचा राजा लायस याच्या काळापासून तुम्ही या गादीशी इमान राखलंत. थीब्जमधले निवडून बोलावलेले म्हातारे आहेत हे. चौकातला माणूस त्यांच्यात नाही, तरुण नाही, बाई नाही. आणि फर्मान ऐकल्यावर त्यांचं उत्तर (२११ ते २२०) जपून ऐका. ‘योग्य केलंत’ असं ते म्हणत नाहीत. म्हणतात, तुमची मर्जी अशी आहे, आणि हवा तो कायदा लावायचा अधिकार तुम्हाला आहे. लक्ष ठेवा म्हटल्यावर म्हणतात, हे काम जरा तरुणांना सांगा. ही संमती नाही आणि विरोधही नाही, अंग काढून घेणं आहे. अशा सभेत बसलेल्या प्रत्येकाला हा सूर ओळखू येईल.

मग समाज कुठे आहे? विंगेत. तो रंगमंचावर येतच नाही, त्याच्याबद्दल फक्त दावे केले जातात. क्रेऑन धरून चालतो की शहर आपल्यामागे आहे. अँटिगनी ५०४ ला म्हणते, भीतीने तोंड शिवलं नसतं तर हे सगळे मला बरोबर म्हणाले असते. क्रेऑन म्हणतो, असं तुझ्या एकटीलाच दिसतं. ती म्हणते, यांनाही दिसतं, तुमच्यापुढे जीभ आवरतात. त्यावर ५१०ला क्रेऑनचा प्रश्न: यांच्यापेक्षा वेगळा विचार करायची लाज नाही वाटत? तुमच्या अख्ख्या लेखाचा विषय या एका ओळीत आहे. आणि हे चाललेलं असताना कोरस तिथेच उभा आहे. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तालमीत नट इथे एकमेकांकडे बघून माना हलवतात, ते थांबवायला लागतं. मान हलली की प्रश्नाचं उत्तर मिळून जातं आणि प्रसंग संपतो. नजर जमिनीवर, हालचाल शून्य.

तिसरा दावा हेमॉनचा (६९० ते ७००): शहर अंधारात या मुलीसाठी हळहळतंय, तिला सोन्याचा मान मिळायला हवा म्हणतंय. खरं असेल. पण सांगणारा तिचा होणारा नवरा आहे, हे विसरू नये.

आता शिक्षेकडे बघा. ३६व्या ओळीत फर्मानाची शिक्षा आहे भर शहरात दगडांनी ठेचून मारण्याची. ७७३ ला क्रेऑन ती बदलतो: निर्जन जागी, जिवंतपणी गुहेत कोंडायचं, विटाळ लागू नये एवढंच अन्न ठेवायचं. कारण तो देतो विटाळाचं. पण मधे काय घडलं? हेमॉनने लोकांचा कल सांगितला. दगडांनी मारायला लोकांचे हात लागतात. हात उठले नाहीत तर फर्मानच उघडं पडणार. गुहेला चार नोकर पुरतात. कोरसशी कबूल न करता क्रेऑनने लोकमत मोजलं, असं मला वाटतं. संहिता हे थेट म्हणत नाही, तेव्हा लेखात ‘असा अर्थ लावता येतो’ एवढंच लिहा.

कोरसला सरसकट भेकड ठरवणंही चूक. ७७०ला तो एक साधा प्रश्न विचारतो, दोघींनाही मारणार का? आणि क्रेऑन इस्मिनीला सोडतो. आख्ख्या नाटकात आगाऊ बोलून वाचलेला हा एकच जीव.

नटांच्या वाटणीतूनही एक मुद्दा मिळतो. सोफोक्लीसकडे बोलणारे नट तीन आणि कोरस पंधरा जणांचा. पहारेकऱ्याच्या प्रवेशात क्रेऑन आणि अँटिगनी दोघंही असतात. तो गेल्यावर त्याच दोघांसमोर इस्मिनी येते. म्हणजे पहारेकरी आणि इस्मिनी एकाच नटाने केले असणार, दुसरा पर्यायच नाही. मुखवटा बदलला तरी आवाज तोच. ‘आपण बायका, पुरुषांशी झुंजायला जन्मलेल्या नाही’ (६१) आणि ‘माझा जीव वाचणं मला यापेक्षा महत्त्वाचं’ (४४०) ही दोन्ही वाक्यं एकाच गळ्यातून. आज करताना पाच-सहा जणांचा कोरस पुरतो, पण ही जोडी एकाच नटाकडे ठेवून पाहा. न कापता वाचन दीड-पावणेदोन तासांचं होतं. कापायचंच असेल तर चौथ्या गीतातल्या (९४४ ते ९८७) दंतकथांचा तपशील कमी करा. शेवटचं गीत (१११५ पासून) मुळीच कापू नका. क्रेऑन मुलीला सोडवायला निघालाय, आता सगळं नीट होणार या आनंदात कोरस डायोनायसस देवाला बोलावतो, आणि पुढच्याच प्रवेशात निरोप्या येतो. ते गीत गेलं की शेवट अटळ वाटायला लागतो, आणि मग ‘सगळं आधीच ठरलेलं होतं’ हा गैरसमज प्रेक्षक घरी घेऊन जातो.

उलटतपासणी

दोन्ही प्रतिसाद चांगले, पण क्रेऑनला अजूनही खलनायकाचीच खुर्ची दिलेली आहे. मूळ मांडणीतली सगळ्यात कच्ची जागा मला तीच वाटते.

एक तर त्याचं पहिलं भाषण (१६२ ते २१०) अथेन्समध्ये हुकूमशहाची बडबड म्हणून ऐकलं जात नव्हतं. इ.स.पू. ३४३मध्ये अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याने आपला राजकीय प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्यावर खटला भरला तेव्हा याच भाषणातल्या ओळी भर न्यायालयात वाचायला लावल्या, आणि त्या चांगल्या राजकारणाचा धडा म्हणून. टोमणा असा होता की तू नट असताना तिसऱ्या नटाचं काम करायचास, क्रेऑन व्हायचास, ओळी पाठ होत्या, तरी त्यातलं काही शिकला नाहीस. (मोठा नट अँटिगनी करायचा आणि क्रेऑन तिसऱ्याकडे जायचा, हेही यातून कळतं.)

दुसरं, देशद्रोह्याला आपल्या भूमीत न पुरणं हे अथेन्सच्या कायद्यातच होतं. देशद्रोही ठरलेला अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस याची हाडं नातलगांनी चोरून अथेन्सच्या मुलखात, अ‍ॅटिकात पुरली अशी गोष्ट इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, ती याच मनाईमुळे. क्रेऑन चुकतो ते पॉलिनायसीसला शत्रू मानण्यात नव्हे. तो प्रेत सरहद्दीबाहेर टाकत नाही, नातलगांना नेऊ देत नाही, आपल्याच मैदानात कुत्र्या-गिधाडांपुढे पसरून ठेवतो. परिणाम १०१६ला टायरेशियस सांगतो: तेच मांस पक्ष्यांच्या चोचीतून वेदींवर पडतंय. नियम तोडला म्हणून नाही, नियम ताणला म्हणून बिघडलं.

तिसरं, आणि भाषांतराच्या दृष्टीने महत्त्वाचं. मूळात अँटिगनी क्रेऑनच्या हुकमाला सहसा ‘केरुग्मा’ म्हणते, म्हणजे दवंडी, फर्मान. आठव्या ओळीत तर फर्मान ‘सेनापतीने’ काढलं म्हणते, राजाने नाही. क्रेऑन ४४९ला त्यालाच ‘नोमोस’ म्हणतो, कायदा. आणि ती ज्याला अलिखित म्हणते ते ‘नोमिमा’, म्हणजे रीत, वहिवाट, चालत आलेला धर्म. तुमच्या तीनपैकी ज्या भाषांतराने सगळीकडे ‘कायदा’ घातला असेल ते या विषयासाठी वापरू नका. अँटिगनी चाकोरी मोडत नाही हो! मेलेल्याला घरच्या बाईने माती द्यायची ही तिथली सगळ्यात जुनी चाकोरी आहे आणि ती तिलाच धरून बसली आहे. नवं काही करणारा क्रेऑन आहे. शेवटी तोच (१११३) कबूल करतो की रूढ नियम मरेपर्यंत पाळणंच बरं अशी मला भीती वाटते. बंडखोर मुलगी आणि सनातनी राजा हे चित्र आजच्या चष्म्यातलं.

इस्मिनीबद्दल एकच. तिला ‘शरण गेलेली’ लिहिण्याआधी ५३६ पाहा. न केलेल्या गुन्ह्याची वाटेकरी व्हायला ती राजासमोर उभी राहते आणि बहीणच तिला झिडकारते.

कोरा कागद

बापरे, मूळ मांडणी आता फेकूनच द्यावी लागणार. ‘चाकोरी नेमकी कुणाची’ यावरच लेख उभा करतो.

पण ९०४ ते ९२० अजून घशात अडकलंय. अँटिगनी जुनी रीत पाळते म्हणावं, तर नवरा आणि मुलगा त्या रीतीतून बाहेर कसे? आणि ‘स्वभाव’ हे तिसरं कारण वर नुसतं येऊन गेलं. दैव नाही आणि निवडही नाही, तर त्याचं काय करायचं?

समासातली टीप

स्वभावाचं आधी. मूळात एक क्रियापद पुन्हा पुन्हा येतं, ‘एफुन’, म्हणजे ‘मी जन्मतःच अशी आहे’. मराठीत ‘माझा पिंड’ हा शब्द त्याला चपखल बसतो. ७९ला इस्मिनी म्हणते, नागरिकांच्या विरोधात जाऊन काही करणं माझ्या पिंडात नाही. ५२३ला अँटिगनी म्हणते, द्वेषात सामील होणं माझा पिंड नाही, प्रेमात सामील होणं आहे. एकाच बापाच्या दोन मुली, रक्त एक, शाप एक, आणि पिंड दोन. शापाने सगळं ठरत असतं तर इस्मिनीनेही तेच केलं असतं. ‘घराण्याचा शाप’वाल्यांना हे एक उदाहरण पुरे आहे. पिंडाने निवड संपते का? दोघी निवडीचीही भाषा बोलतात, पिंडाचीही. एक दुसऱ्यात विरघळवू नका.

आता तो उतारा. गाळू नका. गाळावासा वाटणारे तुम्ही पहिले नाही. १८२७मध्ये जर्मन कवी गटेने एकेरमानशी बोलताना इच्छा व्यक्त केली होती की एखाद्या विद्वानाने हा भाग मागाहून घुसडलेला आहे असं सिद्ध करावं. संशयाला कारण आहे. हीच दलील इतिहासकार हिरोडोटसच्या तिसऱ्या पुस्तकात इंटाफर्निस या इराणी सरदाराची बायको करते: नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, आईबाप गेलेत म्हणून भाऊ मिळणार नाही. तिथे ती जिवंत भावाला वाचवायला केलेली आहे, म्हणून बसते. इथे भाऊ मेलेला आहे, म्हणून अवघडल्यासारखी वाटते. पण ॲरिस्टॉटलने ‘वक्तृत्वशास्त्रा’त हा उतारा सोफोक्लीसचा म्हणूनच घेतला आहे, आणि तोही एका उपयुक्त ठिकाणी: न पटणारी गोष्ट बोलायची तर सोबत कारण द्यावं, जशी अँटिगनी देते. म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकात तो संहितेत होता. लेखात ‘या ओळींच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे’ असं एक वाक्य लिहून पुढे जा, आणि मग त्या वापरा.

वापरायच्या का, तर ९०७साठी. तिथे ती म्हणते की नवऱ्या-मुलासाठी मी हे कष्ट ‘नागरिकांच्या विरोधात जाऊन’ केले नसते. हेच दोन शब्द, ‘बिया पोलितोन’, ७९ला इस्मिनीच्या तोंडी होते. ५०४ला अँटिगनी ठामपणे म्हणत होती की लोक माझ्या बाजूचे आहेत, फक्त घाबरलेत. चारशे ओळींनंतर तीच स्वतःच्या कृतीला नागरिकांविरुद्धची कृती म्हणते, आणि तेही बहिणीच्या शब्दांत. मधे काय घडलं? कोरस एकदाही तिच्या बाजूने बोलला नाही. ८०१ला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते ‘बरोबर केलंस’ नव्हतं. लोक आपल्यामागे आहेत हा आधार सुटल्यावर तिने आपल्या निर्णयाची हद्द आखून घेतली: एवढ्यासाठी मी एकटी उभी राहीन, एवढ्यासाठी राहिले नसते. तत्त्व पोकळ झालं असं तुम्ही म्हणता. मला तिथे निर्णय पहिल्यांदा पूर्ण तिचा झालेला दिसतो, देव आणि लोक दोन्ही बाजूला सारून. पटेलच असं नाही. वरचे ‘उलटतपासणी’ यावर भांडतील.

शब्दांची वाटणी विचारली नाहीत तरी सांगतो. शापाला तीनशे पुरेत. अँटिगनीला आठशे, क्रेऑनच्या चार संधींना सातशे, विंगेतल्या लोकांना पाच-सहाशे. उरलेल्यात ९०७. ॲरिस्टॉटलची ‘हामार्तिया’ आणावीच लागली तर ती क्रेऑनला लावा आणि ‘स्वभावदोष’ असं भाषांतर करू नका. तो शब्द चुकीच्या पावलाचा आहे, नेम हुकण्याचा. १२६१ला क्रेऑन स्वतः त्याच कुळातला शब्द स्वतःबद्दल वापरतो, आणि लगेच १२७२च्या सुमारास ‘देवाने माझ्या डोक्यात घाव घातला’ असंही म्हणतो. पुन्हा तेच, दोन कारणं शेजारी शेजारी.

उलटतपासणी

भांडणार नाही, ९०७ मान्य. फक्त ‘देव बाजूला सारून’ जरा जास्त झालं. ९२५-९२६मध्ये ती अजून देवांच्याच न्यायाबद्दल बोलते आहे, जरी ‘जर’ लावून.

समासातली टीप

‘जर’ मान्य. ‘लोकांना बाजूला सारून’ एवढंच ठेवतो.

कोरा कागद

शेवटचं एक. पहिल्या गीताची सुरुवात (३३२) एका भाषांतरात ‘जगात अद्भुत गोष्टी पुष्कळ, माणसाइतकी अद्भुत एकही नाही’ अशी आहे, दुसऱ्यात ‘भयंकर’ आहे. कुठलं घेऊ?

तिसरी घंटा

दोन्ही अर्धे. मूळ ‘देइनोस’मध्ये थक्क करणारं आणि धडकी भरवणारं असं दोन्ही आहे. ते गीत माणसाच्या नौकानयनाचं, नांगराचं, वैद्यकाचं कौतुक करत करत शेवटी शहराबाहेर हाकलण्याच्या लायकीच्या माणसापाशी पोचतं, आणि त्याच क्षणी पहारेकरी अँटिगनीला घेऊन येतो. ‘अद्भुत’ म्हटलं की शेवट बसत नाही, ‘भयंकर’ म्हटलं की सुरुवात बसत नाही. मी ‘अचाट’ घेतो. अचाट पराक्रमही असतो आणि अचाट आगाऊपणाही.

जे घ्याल ते ९५१लाही तसंच ठेवा. तिथे कोरस दैवाच्या शक्तीला हेच विशेषण लावतो. ३३२ला माणूस अचाट, ९५१ला दैव अचाट. एका जागी ‘अद्भुत’ आणि दुसऱ्या जागी ‘भयानक’ छापलेली प्रत असेल तर वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही.